बाईंना न पटलेला शेवट

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. एक बाई हातात कादंबरी घेऊन ठाण्यात आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, या पुस्तकाच्या शेवटाबद्दल तक्रार द्यायची आहे."

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका किनारी तालुक्यात फौजदार होतो. मूळचा मी घाटावरचा. कोकणातली माणसं पोलिसाला सरळ 'नाही' म्हणत नाहीत आणि सरळ 'हो'ही म्हणत नाहीत, हे कळायला मला वर्षभर लागलं. त्या दिवशी सकाळीच हर्ण्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावातून झालेली हाणामारी आली होती. दोन्ही बाजूंचे लोक ओसरीवर बसून एकमेकांकडे बघत नव्हते, ठाणे अंमलदार जबाब लिहून घामाघूम झाले होते. त्या गर्दीतून वाट काढत या बाई माझ्या टेबलापुढे आल्या.

निवृत्त शिक्षिका. नऊवारी नेसलेल्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला. सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, उतरून एस.टी. पकडून एकट्याच आल्या होत्या. त्यांचं नाव मी सांगणार नाही, या प्रकरणातल्या कुणाचंच सांगणार नाही. सगळे त्यांना 'बाई' म्हणत, मीही तेच म्हणतो.

मी हसू आवरून म्हणालो, "बाई, पुस्तकाचा शेवट आवडला नाही तर त्याला आमच्याकडे कलम नाही. प्रकाशकाला पत्र लिहा."

"आवडला नाही असं म्हणालेच नाही मी," बाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पटला नाही म्हणतेय. मी परकर नेसत होते तेव्हापासून रहस्यकथा वाचते. तालुक्याच्या वाचनालयात नवी आली की पहिली माझ्याकडे येते. वाईट लिहिणारा पहिल्या पानापासून वाईट लिहितो, त्याचं मला काही वाटत नाही. हा तसा नाही. गाव, सडा, शिमग्याची पालखी, मरणाऱ्या माणसाची बोलण्याची लकब, सगळं असं लिहिलंन की मला वाटलं माझा भाऊ दारात उभा आहे. आणि शेवटी काय? मुंबईचे स्मगलर आले, लाँचमधून पाठलाग झाला, गोळ्या सुटल्या. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही मला. फसवल्यासारखं झालं."

"म्हणजे तुमच्या भावासारखं कुणीतरी आहे त्यात?"

"सारखं नाही. भाऊच आहे."

मी त्यांना पाणी दिलं आणि हाणामारीवाल्यांना बाहेरच्या पडवीत बसवायला सांगितलं.

हकीगत अशी. बाईंचा धाकटा भाऊ मुंबईत गोदीत कामाला होता. काही वर्षांपूर्वी शिमग्याला गावी आला. दुपारच्या गाडीने उतरला, जेवला, झोपला आणि तिन्हीसांजेला पालखीला जातो म्हणून सड्याच्या वाटेने निघाला. देवळापर्यंत तो पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या, एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीत त्याचं प्रेत पाण्यात दिसलं. तिकडे चिरे काढून झाले की खाण तशीच सोडून देतात. खोल खाणीत पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं. पाय घसरून पडला असावा, असा निष्कर्ष निघून अकस्मात मृत्यू म्हणून प्रकरण मिटलं. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा समोर जेवढं होतं, त्यावरून कुणीही तेच लिहिलं असतं.

"आता हे वाचा," म्हणून बाईंनी खूण घातलेलं पान उघडलं. कादंबरीतला माणूस मुंबईहून येताना उजेडासाठी हातातली स्टीलची बॅटरी घेऊन येतो. भांड्यांवर नावं घालतात तसं तिच्यावर त्याने नाव घालून घेतलेलं असतं आणि नाव घालणाऱ्याने आडनावातलं एक अक्षर चुकवलेलं असतं.

"माझ्या भावाने तशीच बॅटरी आणलीन होती," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी. निघताना विकत घेऊन तिथेच नाव घालून घेतलंन होतं. अक्षर चुकलेलं बघून आम्ही दोघं हसलो. ती गावात दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती. आणि प्रेताजवळ ती मिळाली नाही. पाण्यात गेली असेल म्हणून मी विषय सोडून दिला होता."

"लेखक कोण?"

"माझा विद्यार्थी. भावाचा जिवाभावाचा मित्र. मुंबईत हापिसात असतो. प्रेतापाशी माझे हात धरून रडला. म्हणाला, 'बाई, मीही कालच आलो होतो, पण आमची भेट राहिली हो.'"

बाईच पुढे म्हणाल्या, "भेट राहिली तर बॅटरी कुठे बघितलीन? आणि आणखी एक सांगते साहेब. इतकं चांगलं लिहिणारा माणूस शेवटाला अशी माती खातो, तेव्हा त्याला शेवट सुचलेला नसतो असं नाही. त्याला खरा शेवट ठाऊक असतो आणि तो लिहायचा नसतो."

माझ्या सेवेत खबऱ्यांकडून, निनावी पत्रांतून, दारुड्यांच्या तोंडून खबरी मिळाल्या. रहस्यकथेच्या वाचकाकडून मिळालेली ही एकच.

पुस्तक मी ठेवून घेतलं. कामातून वेळ काढत दोन संध्याकाळी वाचलं. पोलीस तपासाचा भाग हास्यास्पद होता. त्यातला इन्स्पेक्टर पंचांशिवाय पंचनामा करतो आणि खुन्याला पकडून थेट तुरुंगात टाकतो, कोर्ट कुठे येतच नाही. पण बाईंचं निरीक्षण खरं होतं. खाणीपर्यंतची पानं एका हाताने लिहिली होती आणि नंतरची दुसऱ्याच. माणूस जबाब देताना असंच होतं. खरं सांगत असतो तोवर बारीकसारीक गोष्टी आपोआप येतात. वाऱ्याची दिशा येते, कुणाच्या अंगात कुठला सदरा होता ते येतं. खोटं सुरू झालं की घटना मोठ्या होतात आणि तपशील गळतात.

जुने कागद काढले. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण बुडून असं होतं. फुप्फुसांत पाणी होतं. त्याशिवाय उजव्या बाजूच्या बरगड्या मोडलेल्या होत्या, आणि त्या पडताना कपारीवर आपटून मोडल्या असाव्यात असं धरलं गेलं होतं. रत्नागिरीला कामानिमित्त गेलो तेव्हा तिथल्या एका अनुभवी डॉक्टरांना अहवाल दाखवला. ते म्हणाले, "पडूनही होऊ शकतं. पण बरगड्या अशा एका ओळीत मोडायच्या तर रुंद आणि जड काहीतरी लागतं. एवढं मात्र नक्की, पाण्यात गेला तेव्हा माणूस श्वास घेत होता."

वरिष्ठांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कादंबरीवरून केस उघडणार तुम्ही?" मी बॅटरीचं सांगितलं, बरगड्यांचं सांगितलं. "चौकशी करा. पण गाजावाजा नको. वर्तमानपत्रात आलं तर लोक आपल्याला हसतील."

मी घाई केली नाही. लेखक मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत गावी येतो, हे बाईंकडून कळलं होतं. मुंबईला समन्स पाठवला असता तर तो वकील घेऊन आला असता. मधल्या दिवसांत साध्या कपड्यांतल्या एका हवालदाराने त्या वाडीत फिरून एवढीच माहिती आणली की लेखकाचा थोरला भाऊ चिऱ्यांची वाहतूक करतो, तेव्हाही त्याची एक जुनी लॉरी होती, आणि त्या शिमग्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने ती विकून टाकली. लॉरी विकणं हा गुन्हा नाही. मी ते लक्षात ठेवलं.

थोरल्याबद्दल गावात वाईट बोलणारा माणूस सापडला नाही. आईबाप लवकर गेले, म्हणून त्याने स्वतःचं शिक्षण सोडून धाकट्याला शिकवलं. बाईंचा भाऊ गेल्यापासून तर तो त्यांच्या घरातलाच झाला होता. पावसाआधी त्यांची कौलं परतायची, म्हणजे फुटकी काढून नवी बसवायची, पाणी भरून ठेवायचं, आजारी पडल्या तर डॉक्टरकडे न्यायचं. बाई स्वतः मला म्हणाल्या होत्या, "माझा भाऊ गेला, पण देवाने दुसरा दिलान."

मे महिन्यात लेखक आला. मी त्याला ठाण्यात बोलावलं, पुस्तकाबद्दल बोलायचं आहे असं खरं तेच कारण सांगितलं. चाळिशीला टेकलेला, सडसडीत, शर्टाच्या खिशाला पेन. पोलिसाने पुस्तक वाचलं याचा त्याला आनंद झालेला दिसला. बाईंना मी आधीच आतल्या खोलीत बसवलं होतं. संशयिताला आरडाओरडा करून बोलतं करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव वेगळा आहे. माणसाला ज्याबद्दल बोलायची हौस असते, तिथूनच सुरुवात करावी.

अर्धा तास आम्ही पुस्तकावरच बोललो. मग मी म्हणालो, "एक विचारू? हा शेवट तुम्हाला स्वतःला आवडला?"

"प्रकाशकाला असाच हवा होता. लोकांना पाठलाग लागतो."

"तुम्ही आधी वेगळा लिहिला होता?"

"नाही... म्हणजे, लिहिला नव्हता."

"आणि ही बॅटरी? चुकलेल्या अक्षराची. ही कुठून सुचली?"

"सुचली. लेखकाला सुचतात गोष्टी."

"तुमच्या मित्राने मरायच्या दिवशी अशीच बॅटरी आणली होती. तुम्ही त्या दिवशी त्याला भेटला नव्हता ना?"

पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरच्या पुस्तकाची पानं उलटत होती, त्याने त्यांवर हात ठेवला. म्हणाला, "गावात कुणीतरी सांगितलं असेल." कोण ते त्याला आठवेना. मी तीन-चार वेळा वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर, पण दरवेळी थोडं हळू.

मी बाईंना बोलावलं.

त्यांना बघून तो उठून उभा राहिला, वर्गात उभं राहावं तसा. बाईंनी त्याला बस म्हटलं नाही. त्या चिडल्याही नव्हत्या.

"वाचली मी तुझी कादंबरी," त्या म्हणाल्या. "खाणीपर्यंत फार चांगली लिहिली आहेस. शाळेत तुझे निबंध वाचताना वाटायचं, हा पोरगा नाव काढील. पण शेवट खोटा आहे रे. मला खरा सांग. पुस्तकात नको लिहूस. मला एकटीला सांग."

"बाई, मला विचारू नका."

"मग कुणाला विचारू? तुला माहीत आहे म्हणूनच विचारतेय."

तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. मग जे बोलला ते थांबत थांबत, पण एकदा सुरू झाल्यावर मागे फिरला नाही.

त्या संध्याकाळी थोरला सड्यावर लॉरी वळवत होता. अंधार पडत आला होता. लॉरीचा मागचा आरसा कधीचाच फुटलेला. हा शेजारी बसला होता. थोरला म्हणाला, "उतर आणि मागं बघ." हा उतरला नाही. खिडकीतून डोकं काढून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "घे मागं, कोण नाय." लॉरी मागे गेली. धक्का बसला, कुणीतरी ओरडलं. उतरून बघतात तर मित्र चाकाजवळ पडलेला, बॅटरी बाजूला, अजून चालू. लॉरी वळेपर्यंत तो बाजूला थांबला असावा, आपल्या हातातला उजेड ड्रायव्हरला दिसतोय अशा समजुतीने.

"दादाने छातीला कान लावलान. म्हणाला, गेला हा. मी म्हटलं, बाईंना सांगू. दादा म्हणाला, 'लायसन संपलंय माझं, लॉरीचे कागद नाहीत, आत गेलो तर तुझं काय?' मग त्याला उचलून खाणीत... मी बॅटरी धरली होती, बाई. दादाला दिसावं म्हणून मी उजेड धरला. त्याच उजेडात मला ते अक्षर दिसलं."

बाई भिंतीला टेकल्या. माझ्या हवालदाराने त्यांना खुर्ची दिली.

"सगळं लिहायचं होतं मला," तो म्हणाला. "खाणीपाशी आलो की हात थांबायचा. 'कोण नाय' म्हणणारा मीच होतो, हे कसं लिहू?"

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. वाचकांना हे सहसा ठाऊक नसतं. कबुली मिळाली म्हणजे केस झाली, असं फक्त कादंबरीत असतं. त्याला त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायची तजवीज मी केली आणि थोरल्याला आणायला जीप काढली. तो घरी नसणार हे बाईंनीच सांगितलं. "आज माझ्याकडे कौलं परतायला येणार होता. किल्ली कुठे असते ते त्याला ठाऊक आहे." मी त्यांना ठाण्यात थांबा म्हणालो. त्या ऐकल्या नाहीत. "माझं घर आहे," म्हणाल्या.

तो खरोखरच छपरावर होता. बनियन घामाने भिजलेलं, फुटकी कौलं एका बाजूला रचलेली, नवी दुसऱ्या बाजूला. जीप बघून त्याने हातातलं कौल नीट बसवलं, शिडीवरून उतरला आणि पाणी घेऊन हात धुतले. माझ्याकडे न बघता विचारलं, "धाकल्यानं सांगितलान?"

"हो."

"बरा झाला. त्याच्या पोटात ऱ्हायचा नाय, मला ठावका होता." मग बाईंकडे वळला. "बाई, मी मारला नाय त्याला. गाडीखाली आला. मी कान लावून बघितला, तो संपला होता. मेलेल्या माणसाला खाणीत टाकला, येवढा माझा गुन्हा."

मला बोलायचं नव्हतं. असे तपशील कागदावरून कळलेले बरे. पण अहवालातलं मी बाईंना आधीच सांगितलं होतं, त्या बोलल्या. मोठ्याने नाही, शांतपणे.

"मेला नव्हता रे तो. त्याच्या छातीत पाणी होतं. डॉक्टरांनी लिहिलंय. पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता."

मी पुष्कळ माणसांना शिक्षा ऐकताना पाहिलं आहे. त्या माणसाचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी कोर्टात कुणाचा पाहिला नाही. तो पायरीवर बसला. म्हणाला, "मी कान लावला होता." पुन्हा तेच म्हणाला. आणखी एकदा म्हणाला. मग हवालदाराने त्याला हाताला धरून उठवलं.

पुढचा तपास नियमाप्रमाणे झाला. त्याने पंचांसमोर आपल्या आंब्याच्या बागेतला गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, दाखवला, त्यातला एक चिरा सरकवला आणि आतून गोणपाटात गुंडाळलेली बॅटरी काढून दिली. त्या रात्री घाबरलेला धाकटा ती हातातच घेऊन लॉरीत बसला होता. घरी गेल्यावर लक्षात आलं, आणि नाव घातलेली वस्तू फेकून द्यायची थोरल्याची हिंमत झाली नाही. बाईंनी ती ओळखली. विकलेली लॉरी शेजारच्या तालुक्यात सापडली, पण इतक्या वर्षांनी तिच्यावर काही मिळणं शक्य नव्हतं. धाकटा माफीचा साक्षीदार झाला. भावाविरुद्ध उभं राहून त्याने साक्ष दिली. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी त्याला पुस्तकावरून खूप छेडलं, "तुम्ही गोष्टी रचणारे गृहस्थ, हीही गोष्टच रचलीत ना?" तो म्हणाला, "रचलेली छापली आहे. ही रचलेली नाही."

थोरल्याने माणूस मेला असं समजूनच त्याला पाण्यात टाकलं, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. त्यामुळे खुनाचं कलम टिकलं नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं आणि पुरावा नष्ट करणं या कलमांखाली सक्तमजुरी झाली. मला ती कमी वाटली नाही, जास्तही वाटली नाही. थोरल्याने अपील केलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा मी बाईंना भेटायला गेलो. त्या वर्षी कौलं मजुरांनी परतली होती, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ती धड बसली नव्हती. चहा झाला. लेखक येऊन गेला होता, असं त्या म्हणाल्या. नव्या आवृत्तीत शेवट बदलू का, असं विचारत होता.

"मग काय सांगितलंत?"

"नको म्हटलं. त्या पुस्तकाला तोच शेवट असू दे. आता कोण वाचतंय ते."

निघताना मी एक प्रश्न विचारला. विचारावा की नाही, असं मनात होतं. "बाई, खरा शेवट कळला. समाधान झालं?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "नाही हो साहेब. हाही शेवट मला आवडला नाही. तो स्मगलरांचा निघाला असता तर मी निवांत झोपले असते. आता भाऊही गेला आणि जो भावासारखा होता तोही गेला. पण पटला. म्हणून परत बदलून मागणार नाही."

पोलिसात भरती झालो तेव्हा आम्हाला शिकवलं होतं, गुन्ह्यानंतर कोण गाव सोडून गेलं ते आधी बघा. ते बरोबर आहे, बहुतेक गुन्हेगार पळतातच. त्या प्रकरणानंतर मी दुसरीही एक गोष्ट बघू लागलो, गुन्ह्यानंतर कोण अचानक फार जवळ आलं. प्रत्येक मदत करणाऱ्यावर संशय घ्यावा असं मी कधीच कुणाला शिकवलं नाही. थोरल्याची मदत खोटी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. ज्या बाईच्या भावाला त्याने पाण्यात टाकलं, तिच्या डोक्यावरचं छप्पर त्याने इतकी वर्षं गळू दिलं नाही. माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो. हे मला पोलीस प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या कादंबरीतही ते नव्हतं.